नवव्या दिवसाचा वास

सोमवारी सकाळी सव्वादहाला तिनं तिसऱ्या वडीचा तुकडा नाकाशी नेला आणि तिचा हात आपोआप मागे आला. ओकारी आली नाही, गरगरलं नाही, तसलं काहीच नाही. तापलेल्या इस्त्रीला बोट लागावं तसा नुसता हात मागे आला, आणि का आला ते तिला नंतर कळलं. पांढऱ्या साबणाच्या त्या नेहमीच्या, जवळजवळ नसल्यासारख्या वासाच्या खाली एक खवट कड होती. बंद कपाटात विसरलेल्या तेलाच्या बाटलीच्या बुचाला येतो तसला वास. तिनं तुकडा काचेच्या बशीत ठेवला, नाक कोरं करायला कोटाच्या बाहीचा वास घेतला, दोन मिनिटं समोरच्या भिंतीकडे बघत बसली आणि तुकडा पुन्हा उचलला. कड होतीच. बारीक, पण होती. आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो साबणाचा नव्हता. आज नववा दिवस, असा तो विचार होता.

एकोणीस वर्षं ती या काचेच्या खोलीत बसून वास घेत होती. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, हवा बाहेर फेकणारा पंखा आणि कागदी पट्ट्यांचे खोके. कारखान्यात साबणाचा जो घाणा निघे त्यातल्या पाच वड्या तिच्यासमोर येत, आणि तिनं मान हलवल्याशिवाय माल गाडीत चढत नसे. तिला अत्तर चालत नसे, सुगंधी तेल चालत नसे, सर्दी झाली की रजा घ्यावी लागे. सगळे तिला नाकबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. नोकरीत लागली तेव्हा ती बावीस वर्षांची होती, आणि लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी नवऱ्याला बजावलं होतं की बाबा रे, हिच्यापासून काही लपवायला जाऊ नकोस, कुठं जाऊन आलास ते हिला दारातच कळेल. तो हसला होता. तो गाडी शिकवायचा. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून असायचा, आणि घरी येताना त्याच्या अंगाला चार-पाच अनोळखी माणसांच्या भीतीचा आंबूस वास यायचा. तो वास तिनं इतक्या वर्षांत त्याला कधी सांगितला नव्हता.

केमिस्ट आला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधणारा माणूस. त्यानं तुकडा घेतला, डोळे मिटले, बराच वेळ हुंगत राहिला.

“मला काही येत नाही,” तो म्हणाला.

“खाली आहे. वरचा वास आधी जाऊ द्या.”

“वरचा गेला, खालचाही गेला. आता माझं नाकच जायची वेळ आली.”

“सकाळी कॉफी घेतलीत तुम्ही.”

“तीस वर्षं घेतोय. नाकबाई, तीन टनांचा घाणा आहे हा. दुपारी गाडी लागायची आहे. नक्की ना?”

त्यानं मिश्रणखात्यातल्या दोघांना बोलावलं. दोघांनी हुंगलं आणि खांदे उडवले. एक म्हणाला, साबणासारखाच वास येतोय की. तिघांच्या नजरा तिच्यावर खिळल्या. सहा महिन्यांपूर्वी मॅनेजरनं वास ओळखणारं यंत्र आणायचं काढलं होतं, आणि याच केमिस्टनं बैठकीत सांगितलं होतं की यंत्राला सर्दी होत नाही हे खरं, पण आमच्या बाईंनी अजून एकदाही चांगला माल उगीच अडवलेला नाही. हे सगळं तिला आठवलं. “थांबवा,” ती म्हणाली. आवाज रोजचाच होता. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं ठरलं; निकाल गुरुवारी. केमिस्टनं कागदावर सही केली, तिनं त्याच्या खाली केली, आणि सही करताना तिच्या आत कुणीतरी अगदी स्पष्ट बोललं: चुकू दे. साबण चांगला निघू दे. माझंच नाक बिघडलेलं असू दे.

कारण असं एकदा झालं होतं. सहा वर्षांपूर्वी, ती पस्तिशीची असताना, बसथांब्याच्या लोखंडी कठड्याला सकाळी असा वास आला होता की ती चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. ओल्या लोखंडाचा, रक्तासारखा. त्या दिवशी बसमध्ये पुढच्या बाईच्या केसांना, तिकिटाच्या कागदाला, स्वतःच्या चपलेच्या पट्ट्याला वास होता. सगळ्या जगाचं झाकण कुणी उघडं टाकलं होतं. संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, मला वाटतं मला दिवस गेलेत. तो म्हणाला, अगं पण अजून तारीखसुद्धा आलेली नाही. आठवड्यानं तपासलं तर खरंच निघालं. नंतर तिनं बोटांवर मागे मोजत जाऊन पाहिलं, तो अकरावा दिवस होता. आणि नऊ आठवडे झाल्यावर एका सकाळी ती उठली, दूध तापवलं, खिडकी उघडली, आणि कशालाच वास नव्हता. म्हणजे होता, रोज माणसाला येतो तेवढा. ती ओट्याला टेकून उभी राहिली. डॉक्टरणीच्या पडद्यावर ठोका दिसला नाही तो तिसऱ्या दिवशी. तिला दूध तापवतानाच कळलं होतं. तेव्हापासून काहीही नाही. सहा वर्षांत छाती कितीदा दुखली, कंबर दुखली, झोप आली, उगीच रडू आलं, त्यातलं एकही तिनं मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं आणि एकूण एक मनावर घेतलं. पण नाक मात्र कधी खोटं बोललं नव्हतं. ते गप्पच होतं. आजपर्यंत.

डॉक्टरणीनं या वेळी स्पष्ट सांगितलं होतं. ती तिच्यापेक्षा वयानं लहान होती, बोलताना कागदावर चित्रं काढायची. एक गोल काढला, त्याला लांब नळी. “हे बघा, अंडं इथं फळतं. मग ते चालत चालत इथपर्यंत येतं. सहा दिवस लागतात, कधी आठ, कधी दहा. आल्यावर अस्तराला चिकटतं, आणि चिकटल्यावरच शरीराला पहिल्यांदा बातमी लागते. त्याच्या आधी बाईला काहीही जाणवू शकत नाही. कुणी म्हणालं दुसऱ्या दिवशी मळमळलं, तर काल काय खाल्लं ते विचारा. चिकटल्यावरसुद्धा लगेच नाही. बहुतेकींना पाळी चुकल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी कळतं. थोड्याजणींना आधी कळतं. पुष्कळजणींना काहीच होत नाही आणि तरी सगळं नीट असतं.” मग तिनं गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ एक. “या गोळ्यांनीही छाती जड होते, झोप येते, मळमळतं. अगदी हुबेहूब. म्हणून लक्षणं मोजत बसू नका. आणि घरी तपासू नका, कारण आपण जे इंजेक्शन दिलंय त्याचा अंश अंगात राहतो आणि पट्टीवर खोटी रेघ उमटते. आजपासून चौदा दिवस थांबा. मग रक्त.” तिनं चित्राचा कागद चुरगाळून टोपलीत टाकला, आणि टोपलीकडे बघतच म्हणाली, “एक्केचाळीस म्हणजे... यानंतर मी तुम्हाला आग्रह करणार नाही.” तिचा स्वर इतका चांगला होता की तिच्यावर रागावताही येईना.

चौदा दिवस. पहिले सहा तर ती बऱ्यापैकी शहाण्यासारखी वागली. अंडं नळीतून चालतंय, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून कामावर गेली, आली, कपड्यांच्या घड्या घातल्या. सातव्या दिवसापासून मात्र ती स्वतःच्या अंगावर पहारा ठेवून राहिली. बसमध्ये फोन उघडून ती त्या बायकांचं लिहिलेलं वाची, ज्या आपापले दिवस मोजत बसलेल्या असत. चौथ्या दिवशी पोटात टोचलं. पाचव्या दिवशी चित्रविचित्र स्वप्नं. सातव्या दिवशी भांडी घासताना रडू आलं, कुणाला झालंय का असं? खाली पंचवीस जणी हो हो म्हणत. पुढे काय झालं ते मात्र कुणी लिहीत नसे. बाई एकदम नाहीशी होई, आणि तिच्या जागी दुसरी येऊन चौथ्या दिवसापासून सुरू करी. कुठं जात असतील या सगळ्या? कोणत्यातरी एका दारातून आत, नाहीतर दुसऱ्या दारातून बाहेर. तिला दोन्ही दारं माहीत होती. आत जाऊन बाहेर आलेली होती ती.

सोमवारी दुपारी जेवायच्या खोलीत मावशी शेजारी येऊन बसली. मावशी पॅकिंगला होती, चार मुलांची आई, खोकी चिकटवून चिकटवून बोटं राठ झालेली. कारखान्यातलं काहीही तिच्यापासून लपत नसे.

“माल अडवलास म्हणे.”

“हं.”

“पोरं म्हणतात, वास नाही कसला.”

“पोरांना काय कळतंय.”

मावशीनं तिच्याकडे नीट पाहिलं. घास तोंडाशी नेता नेता थांबली. “काही आहे का गं?” तिनं खालच्या आवाजात विचारलं. आणि ती आपली बोलतच राहिली. “मला चारही वेळा दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं. तोंडात नाणं धरल्यासारखी चव यायची. नवऱ्याला सांगायचे, झालं रे बाबा तुझं काम. तो म्हणायचा, येडी आहेस.”

“दुसऱ्या दिवशी काही कळत नसतं मावशी. डॉक्टर म्हणतात.”

“डॉक्टरला किती आहेत?” मावशी म्हणाली आणि आपल्याच विनोदावर खो खो हसली. मग हसू आवरून तिनं तिच्या मनगटावर हात ठेवला, एकदा दाबला आणि उठली. मावशी गेल्यावर संपूर्ण दुपार ती जिभेनं आपलं तोंड चाचपत राहिली. नाणं नव्हतं. होतं का? दाताच्या मागे काहीतरी होतं. धातूचं म्हणता येईल असं. पाण्याच्या नळाचंही असू शकेल. संध्याकाळी घरी जाताना तिनं बसच्या दांडीला मुद्दाम नाक लावलं, आणि शेजारचा माणूस दचकून सरकला. दांडीला वास होता. पण दांडीला वास असतोच; प्रश्न तो किती, हा होता, आणि तिनं आयुष्यात कधी दांडीचा वास मोजून ठेवला नव्हता. साबणाचा ठेवला होता. म्हणूनच साबणावर सगळी भिस्त होती.

त्या रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. दोघांमध्ये ठरलेलं होतं, चौदाव्या दिवसापर्यंत या विषयावर बोलायचं नाही. हा नियम तिनंच केला होता, आणि तो त्यानं इतक्या काटेकोरपणे पाळला होता की कधी कधी तिला त्याचाच राग येई. मंगळवारी संध्याकाळी तो जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करत बसला होता. ती दारातूनच म्हणाली, “ते बंद कर.”

“का?”

“वास येतोय.”

“पॉलिशला वास येणारच.” आणि मग त्याचा हात थांबला. त्यानं वर पाहिलं. त्याचा उजवा पाय, अनवाणी, जमिनीवर हळूच दाबला गेला. घरी काही अचानक झालं की तो असा ब्रेक लावायचा. त्याला कळायचंही नाही. “कधीपासून?”

“काल. कारखान्यात. कुणालाच येत नव्हता, मला आला.”

“मागच्या वेळी...”

“मागच्या वेळी अकरावा होता. आता नववा. जरा लवकरच आहे. पण होऊ शकतं. थोड्याजणींना होतं, ती म्हणाली होती.”

“गोळ्यांनीही होऊ शकतं, असंही म्हणाली होती.”

“ती छातीबद्दल बोलली. झोपेबद्दल. नाकाबद्दल नाही बोलली.”

मग उठून त्यानं पॉलिशची डबी, ब्रश, फडकं, सगळं पिशवीत भरलं आणि खाली गाडीच्या डिकीत ठेवून आला. येताना साबणानं हात धुऊन आला; पुन्हा बाहेर जाऊन नुसत्या पाण्यानं धुऊन आला. रात्री अंथरुणावर दोघं आढ्याकडे बघत पडले होते तेव्हा तो एकदम म्हणाला, “मागच्या खोलीची खिडकी घट्ट बसलीये. रविवारी सैल करतो.” त्या खोलीत कुणी झोपत नव्हतं. खिडकी सहा वर्षं घट्ट होती. अंधारात तिला आपलं तोंड हसल्याचं जाणवलं, आणि ते हसू आवरायला तिला ओठ दातांखाली धरावे लागले.

बुधवार तिच्या आयुष्यातला विचित्र दिवस होता. खोलीत बसून ती दुसऱ्या घाण्यांचे वास घेत होती, माना हलवत होती, आणि तिच्या आत जणू एक मुलगी दोरीवरच्या उड्या मारत होती. बाहेर तीन टन साबण पिवळ्या फितीमागे पडून होता. मालवाहू गाडीचा ड्रायव्हर मॅनेजरच्या दारात हुज्जत घालत होता. जाता-येता लोक तिच्या काचेकडे बघत. मॅनेजर एकदा स्वतः आला, काचेवर टिचकी मारून म्हणाला, “काय नाकबाई, उद्या कळेलच,” आणि त्या ‘कळेलच’मध्ये यंत्राच्या माहितीपत्रकाचं पान उलटल्याचा आवाज होता. ती शांत होती. माल चांगला निघेल. सगळे म्हणतील हिचं नाक गेलं. ती मान खाली घालून माफी मागेल, यंत्र येईल, काचेच्या खोलीत तिच्या खुर्चीवर एक पेटी बसेल, आणि ती घरी जाईल, पोट पुढे घेऊन. किती सोपं होतं ते. एकोणीस वर्षं न चुकण्याची जी काळजी तिनं घेतली होती, न खाल्लेला कांदा, न लावलेलं अत्तर, न घेतलेले चहाचे ते हजार वाफाळते कप, ते सगळं एका चुकीच्या मोबदल्यात देऊन टाकायला ती तयार होती. कुणी समोर उभा राहून मागत असता तर तिथल्या तिथे दिलं असतं. दुपारी तिला गाढ झोप आली. टेबलावर डोकं ठेवून ती दहा मिनिटं झोपली, आणि जागी झाली तेव्हा छाती दुखत होती, दोन्ही बाजूंनी, आतून, ओढल्यासारखी. गोळ्या, तिनं स्वतःला सांगितलं. गोळ्या, गोळ्या. पण नाक?

गुरुवारी अकराला केमिस्ट आला तो जवळजवळ पळत आला. चष्मा हातात, कागद दुसऱ्या हातात. “अहो बाई!” तो म्हणाला. “अहो, काय नाक आहे का काय आहे! तेलाची एक टाकी खराब झालेली निघाली. सुरुवात होती नुसती. दुकानात गेला असता आणि महिन्याभरात पिवळा पडून परत आला असता सगळा.” त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. त्याच्या मागून मिश्रणखात्यातले ते दोघे आले, खांदे उडवणारे, आणि त्यातल्या एकानं वाकून नमस्कार केल्याचं नाटक केलं. मॅनेजर आला. त्यानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. यंत्राची फाईल बंद, असं तो मोठ्यानं म्हणाला, आणि दुपारी केक आणायला कुणाला तरी पाठवलं. ती उभी राहिली होती. चेहऱ्यावर हसू होतं, ते कुठून आलं कुणास ठाऊक. तिला त्या सगळ्यांच्या टाळ्यांचा आवाज येत होता आणि ती वाट बघत होती की आता काहीतरी कोसळल्यासारखं वाटेल. तसं वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की साबण खवट होता म्हणून त्याला खवट वास आला. त्यात तिचं, तिच्या पोटाचं काही नव्हतं. ती आपलं काम करत होती. मावशी लांब उभी राहून टाळ्या वाजवत नव्हती. हिचा चेहरा बघून मावशीनं हात खाली घेतले होते.

ती बाथरूममध्ये गेली, कडी लावली, आणि कोटावरून दोन्ही हातांनी छाती दाबून पाहिली. दुखली. पुन्हा दाबली, जोरात. दुखली. बाहेर कुणीतरी तिला हाक मारत होतं.

केकचा तुकडा हातात धरून तिनं केमिस्टला कोपऱ्यात गाठलं. तोवर तिच्या मनानं नवीन वाट शोधली होती. मन असतंच तसलं, निर्लज्ज. “किती होता हो?” तिनं विचारलं. “म्हणजे खवटपणा. आकडा.”

“अगदी किंचित. तेच तर! त्यांच्या उपकरणानंसुद्धा जेमतेम पकडला.”

जेमतेम. मग तो एरवी तिला आला असता का? रोजच्या नाकाला? माल खराब होता हे खरं आणि नाक तीक्ष्ण झालेलं हेही खरं, दोन्ही खरं असू शकतं की! तिनं केक तोंडात टाकला. गोड लागला. “इतका कमी मी आधी कधी पकडला होता?” ती म्हणाली, आणि हा प्रश्न आपण कशाला विचारला असं तिला त्याच क्षणी वाटलं.

केमिस्ट अभिमानानं फुलला. “याहून कमी! चार वर्षांपूर्वी, आठवत नाही? हिरव्या साबणाचा. मी तेव्हाच म्हटलं होतं, ही बाई म्हणजे चमत्कार आहे. थांबा, दाखवतो.” आणि त्यानं कपाटातून जुनी वही काढली, थुंकीनं बोट ओलं करत पानं उलटली, आणि तिच्यासमोर धरली. आकडा होता. आजच्यापेक्षा कमी होता. बाजूला तिच्याच अक्षरात एक शब्द होता, खवट, आणि खाली तारीख. तिनं तारखेकडे पाहिलं. त्या वर्षी काहीच झालं नव्हतं. त्या वर्षी ती नुसती होती. “खरंच की,” ती म्हणाली.

शुक्रवार कसा गेला ते तिला नंतर आठवलं नाही. घरी तिनं नवऱ्याला निकाल सांगितला, आणि त्याचा चेहरा उजळला, शाबास म्हणून तो पुढे झाला, आणि मधेच त्याला त्याचा अर्थ लागला. तो पुढे झालेला तसाच उभा राहिला. “पण तरी,” तो म्हणाला. “तरी काय,” ती म्हणाली. “पुष्कळजणींना काहीच होत नाही म्हणाली होती ना ती? आणि तरी नीट असतं.” हे वाक्य त्यानं डॉक्टरणीच्या खोलीतून इतके दिवस जपून आणलं होतं, वेळ पडली तर द्यावं म्हणून. तिनं ते घेतलं. रात्रभर घेऊन पडून राहिली.

शनिवारी सकाळी सुई टोचून घेताना तिला कशाचाही वास आला नाही, नुसता स्पिरिटचा, तोही बेताचा. चारला फोन वाजला. डॉक्टरणीनं फार वेळ घेतला नाही. “नाही आहे,” ती म्हणाली. “मला वाईट वाटतं. गोळ्या आजपासून थांबवा. दोन-तीन दिवसांत पाळी येईल. थोडी जास्त जाईल, घाबरू नका.” तिला वाटलं डॉक्टरणीला आता ते चित्र आठवत असेल, गोल आणि नळी. पण तिनं दिवसभरात अशी किती चित्रं काढली असतील. “कधीही या,” डॉक्टरीण म्हणाली, “म्हणजे, काहीही लागलं तर.” फोन ठेवून ती मागच्या खोलीत गेली आणि रिकाम्या जमिनीवर बसली. नवरा शिकवणीवरून आला, दारात उभा राहून त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला सांगावं लागलं नाही. तो तिच्याजवळ येऊन बसला. त्याच्या अंगाला आज दोन-तीन माणसांचाच वास होता. तिनं रडून घेतलं, तोही रडला असावा, कारण त्याचा खांदा हलत होता, पण तिनं मान वर करून पाहिलं नाही.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला ती स्वयंपाकघरात गेली आणि गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन उभी राहिली. सहा गोळ्या उरल्या होत्या. थांबवा, म्हणाली होती. थांबवल्या की दोन दिवसांत छाती हलकी होईल. झोप जाईल. पोटाचा तो जडपणा, जणू आत कुणी बसलंय असा, तो जाईल, आणि मग रक्त. एकेक जण निरोप घेतील. तिला सगळं ठाऊक होतं. गोळ्यांमुळे होतंय, गोळ्यांमुळेच होत होतं, आत कुणी नव्हतं, कधी नव्हतं. पण छाती दुखतेय हे खोटं नव्हतं. दुखणं तिचं होतं. तिनं एक गोळी काढली. नवरा मागे येऊन उभा राहिला होता. तिला वाटलं आता तो हात धरेल, काय करतेस म्हणेल. त्यानं माठावरचा पेला घेतला, पाणी भरलं आणि तिच्या हातात दिलं.

रविवारी दोन. सोमवारी दोन. सोमवारी ती कामावर गेली, पाच वड्या हुंगल्या, मान हलवली. दुपारी जेवायच्या खोलीत मावशीनं काही विचारलं नाही. आपल्या डब्यातलं अर्धं तिच्यासमोर सरकवलं. ती हळूहळू चालत होती, जिना उतरताना कठडा धरत होती, आणि रात्री कूस बदलली की छाती दुखून जाग येत होती, आणि जाग आली की काही क्षण तिला खरोखर बरं वाटत होतं. हे कुणाला सांगता आलं नसतं. फोनवरच्या त्या बायकांनाही नाही.

मंगळवारी सकाळी शेवटची घेतली. रिकामं पाकीट तिनं ओट्यावरच ठेवलं, टाकलं नाही. नवरा बूट घालून निघायच्या तयारीत होता. त्याला पाकीट दिसलं. त्यानं ते उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, सगळी भोकं फुटलेली, आणि त्याच्यावरचं नाव वाचत असल्यासारखा थोडा वेळ उभा राहिला.

“दुकान उघडलं असेल,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “आणखी एक आणू?”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मस्करी केली नव्हती. तो खरंच गेला असता, आणला असता, आणि उद्याही आणला असता, महिनाभर आणला असता, काही न बोलता पेल्यात पाणी भरून दिलं असतं. बाहेर त्याच्या शिकाऊ माणसानं हॉर्न वाजवला, मग घाबरून लगेच बंद केला.

“नको,” ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी, ती पाचवी वडी नाकाशी धरून बसली असताना, तिला पाळी आली. तिनं वास घेऊन पुरा केला, वहीत लिहिलं, माल चांगला आहे, आणि मग उठली.